हळद उतरवताना

नवव्या दिवशी लेकराचा डावा गाल
कानापुढं फुगून आला,
खारकेएवढा, तसाच टणक.
गालफुगी, म्हणाल्या सगळ्या.
सासूबाईंनी हळकुंड उगाळून जाड लेप दिला.
आमच्या घरी हळदीला काय तोटा?
ह्यांच्या अंगाला आंघोळीनंतरही
वसमतच्या मोंढ्याचा वास येतो.

वैशाख. पत्र्याखाली पंखा
ऊनच ढवळत होता.
माझं दूध उलिसं.
लंगोट सकाळपासून कोरडा,
मला वाटलं, गुणाचं आहे, ओलं करत नाही.

नांदेडला डॉक्टर निखत म्हणाली,
आधी हे पिवळं काढा, खालचं दिसू द्या.
कापूस, कोमट पाणी.
लग्नात माझी हळद उतरवली
तेव्हा खालून मी उजळ निघाले म्हणे.
इथं खालून निखारा निघाला.

मग तिनं कानापासून ओठाकडं
अंगठा हळूच सरकवत आणला.
आढाव सिस्टरनं बॅटरी धरली.
गालाच्या आतल्या कातडीला
सुईच्या नेढ्याएवढं भोक,
त्यातून पू आला. एकच थेंब,
ज्वारीच्या कणीएवढा.
तो काडीवर टिपून नेला तपासायला.
इथून लाळ यायला पाहिजे, ती म्हणाली,
अंगातलं पाणी कमी पडलं, वाट सुकली,
तोंडातले जंतू उलटे वर चढले.
हे मला लगेच कळलं.
आमच्या गल्लीत नळ आठ दिवसांआड येतो,
पहिली घागर गढूळच भरते.

हाताला पुठ्ठा, पुठ्ठ्याला सुई,
आठ-आठ तासांनी औषध.
बारसं राहिलेलं,
म्हणून कागदावर नुसतं ‘बेबी ऑफ द्वारका’.
मी दूध पिळायची वाटीत, पाजायची बोंडल्यानं.
दुसऱ्या रात्री लंगोट जड लागला.
सिस्टरला नेऊन दाखवला, सोनं दाखवावं तसा.
ती हसली नाही.
वहीत वेळ लिहिली: दोन वाजून दहा.

तिसऱ्या दिवशी त्या थेंबाचा रिपोर्ट आला,
एक औषध बदललं.
चिरावं लागेल कदाचित, म्हणाली होती.
नाही लागलं.
दहाव्या दिवशी घरी.

आता चौथा महिना.
झबलं छातीपर्यंत भिजतं.
सासूबाई ओरडतात,
किती गळतंय, लाळेरं बांध की गं!
बांधते.
आधी जराशी
गळू देते.