कर्ण

लोहाओळीतून किलोवर घेतलेला चौकोनी पाइप
स्कूटरवर मागे आडवा धरून
गांधीबागेच्या गर्दीतून आणला मी,
"बाजू, बाजू" ओरडत.

पाचशे बाय पाचशेची चौकट.
स्क्रीनवर निर्दोष होती.
वर्कशॉपच्या फरशीवर ठेवली तर एक पाय वर,
आणि रोबो सरळ सोडला की डावीकडे जायचा,
जणू तिकडे त्याचं कोणी राहत होतं.
प्रणयने तीन रात्री प्रोग्राम बदलला.
मी मोटर बदलली.
डावीकडेच.

मग निखारे काकांकडे गेलो, गोळीबार चौकामागे.
कूलरचे सांगाडे करतात. मार्च होता,
बिनटपाच्या, बिनपंख्याच्या सांगाड्यांची रांग
पार गल्लीतल्या नळापर्यंत.
त्यांनी चौकट हातातसुद्धा घेतली नाही,
एक डोळा मिटून पाहिली फक्त.
"क्रॉस मोजला का, पोट्टेहो?"

क्रॉस म्हणजे कर्ण.
आठवीच्या भूमितीत पैकीच्या पैकी होते मला.
मोजला. चार मिलिमीटरचा फरक.
चारही बाजू अगदी सारख्या,
आणि चौकट शंकरपाळ्यासारखी कललेली.

"वजनाची मर्यादा असते आम्हाला," मी म्हटलं.
"माह्या कूलरले बी असते," ते म्हणाले,
"गिऱ्हाइकाच्या गॅलरीची."
जुने जोड कापले. आधी नुसते टाके मारले,
एक इथे, एक समोरच्या कोपऱ्यात,
मग फीत, मग हातोडीचा हलका टोला,
पुन्हा फीत.
"लोखंड तापलं का आपल्याकडं ओढते.
एकाच कोपऱ्यात बसून राहाचं नाही."
वेल्डिंगचे पैसे घेतले.
मोजण्याचे घेतले नाहीत.

पुण्यात दुसऱ्या फेरीत हरलो.
मोटर जळाली; तो वास अजून बॅगेत आहे.
परतताना वर्धा आलं तरी कोणी बोललं नाही.

मे महिन्यात सगळं सुटं केलं.
चाकं ज्युनिअर्सना, बॅटरी लॅबला.
चौकट उरली. कोणालाच नको होती.
आता होस्टेलच्या खोलीत ती कूलरखाली आहे.
टाकी भरली की सत्तर किलो होतात.
स्पर्धेत अख्ख्या रोबोला वीसच चालायचे.

वाळ्याचा ओला वास, पंख्याची घरघर,
दिवसभर सेहेचाळीस होतं.
काल रात्री झोप येईना,
तेव्हा मोबाइलच्या उजेडात
खाली वाकून फीत लावली.
इकडून सातशे सात.
मग पाणी सांडलेल्या बाजूने, गुडघे भिजवत,
तिकडून.
सातशे सात.