चौथं रीळ तिसऱ्याच्या आधी

उदगीरला चांदतारा टॉकीजमध्ये
रविवारी दुपारी जे लागायचं
त्याला सिनेमा म्हणायला मॅनेजरही लाजायचा.
बोर्डावर नुसतं लिहायचा : रंगीत. भयंकर.
आणि खाली बारीक अक्षरात : पंखे चालू.

आम्ही दोघी लेडीज बाल्कनीत.
मी पोस्टातली,
सव्वादोन रुपये जुळेनात म्हणून
दिवे लागले तरी खुर्ची न सोडणारी.
आणि शिवकांता, सरकारी दवाखान्यात नर्स,
टाके, पट्ट्या, ट्रॅक्टरखाली सापडलेले पाय.
मध्ये डब्यात सुशीला, वर भाजलेले शेंगदाणे.
तिच्या बोटांचा डेटॉलचा वास
शेंगदाण्यांनाही यायचा. सवय झाली होती.

त्या रविवारी होता 'चुडैल की चौथी शादी'.
चुडैलीच्या मनगटावर घड्याळ.
नाग म्हणजे बागेला पाणी द्यायची नळी,
टोकाला दोन मणी चिकटवलेले;
हिरॉईन किंचाळली की
मागून कुणीतरी नळी ओढायचं.
पाठलाग सुरू झाला भर उन्हात,
वळणावर रात्र झाली,
पूल ओलांडला तर पुन्हा ऊन.
खलनायकाची मिशी
दर वाक्याला थोडी डावीकडे सरकत होती,
आम्ही डोळ्यात तेल घालून तिच्यावर लक्ष ठेवून.

मग हिरोचा बाप मेला. छातीत सात गोळ्या.
नाकावर माशी बसली तसा
प्रेतानं हळूच ओठ वाकडा करून फुंकर मारली.
"अगं, मरूलालाय का हासूलालाय हा?"
शिवकांता मोठ्यानं ओरडली, आणि खालचं सगळं थर्ड क्लास
मान वर करून आमच्याकडे बघायला लागलं.
"रक्त बघ की. टमाट्याचं आहे. बिया दिसूलाल्यात!"
जिनं सकाळीच खरं रक्त पुसलं होतं
ती पोट धरून हसत होती,
डोळ्यांतून पाणी, ठसका, पाठ चोळा.

आणि मग ते झालं.
पुढच्याच सीनला बाप
गुलाबी फेटा बांधून लग्नात नाचताना.
सात गोळ्या खाऊन, पोटभर जिलबी खाऊन.
कुणालाच काही वाटलं नाही.
चुडैलीच्या राज्यात काय अशक्य?
लोकांनी शिट्ट्या मारल्या. एकानं चिल्लर फेकली.

सुटल्यावर जिन्यात मुस्तकीमभाई भेटले, मशीनवाले,
तोंड एवढंसं करून :
"चार नंबर की रीळ पैले चढ गई मेरेसे.
सेठ को नक्को बोलो बाई."

सोमवारी त्यांनी इमानदारीनं रिळं लावली नंबरवार.
आधी लग्न, जिलबी, फेटा. मग सात गोळ्या. मग माशी, फुंकर.
आणि बाप नंतर कुठेच नाही.
पब्लिक खवळलं.
"ए मशीनवाले! काल बाप जिता होता की!"
खुर्च्या आपटल्या, एक चप्पल पडद्याला लागली,
नेमकी चुडैलीच्या घड्याळावर.
मॅनेजर मध्ये येऊन हात जोडून म्हणाला,
"उद्यापासून जिता करतो."

केला. आठवडाभर चौथं रीळ तिसऱ्याच्या आधी.
हाऊसफुल्ल नव्हे, पण पंखे पुरेनात इतकी माणसं.
शिवकांता त्यातले चार दिवस आली, ड्यूटी बदलून,
दोनदा तर एकटीच.
तिचे वडील त्याच उन्हाळ्यात गेले होते.
तिनं कधी तो विषय काढला नाही, मीही नाही.
फेटा बांधून तो माणूस पडद्यावर आला की
ती फक्त सुशीलाचा डबा बंद करायची
आणि नीट सरळ बसायची.
मिशी सरकली की पुन्हा हसायला मोकळी.

चांगले सिनेमेही बघितले नंतर, लातूरला जाऊन,
गार हवेत, मऊ खुर्चीत.
तिथे प्रेतं अगदी प्रेतासारखी पडून राहतात.
एकही माशी नसते.
मध्यंतरात शिवकांता कानाशी येऊन म्हणते,
"चल की गं. हे काय, हे तर मी रोजच बघते."