हार्पर

या गावात येऊन अकरा वर्षं झाली.
लिंकनशरचा हा मुलूख सपाट, पाणथळ.
बांधावर उभं राहिलं
की उद्या येणारा माणूस आजच दिसतो.

औषधांच्या दुकानात माझी नोकरी.
सगळ्यांची दुखणी मला तोंडपाठ,
माझं आडनाव कुणालाच नाही.
घारपुरे म्हटलं की ते म्हणतात हार्पर.
दुधाच्या बिलावर हार्पर, दातांच्या डॉक्टरकडे हार्पर,
निहार तर शाळेत पहिल्या दिवसापासून हार्पर.
सोपं पडतं, म्हणतो.

एप्रिलात म्हातारे पिंचबेक दारात आले,
टोपी काखेत, हातात खोकं,
खोक्यात हंसाचं पिल्लू, ओल्या लोकरीसारखं.
यंदाचा मुलगा तुमचा, म्हणाले.
बाहेरून आलेल्यांच्या घरात हा मान पहिल्यांदाच.
आणि मी, काय सांगू,
ठेवणीतली कपबशी काढली.

नियम एवढेच:
मुलानं ते वाढवायचं. त्याला नाव द्यायचं.
सप्टेंबर सरताना, मायकलमसच्या संध्याकाळी,
हिरवळीवर त्याला नावानं हाक मारायची.
आलं की मान पिरगळायची.
स्वतः. उघड्या हातांनी.

का, असं निहारनं विचारलं.
पिंचबेक म्हणाले, पूर. समुद्र आत आला होता, मग थांबला.
बेकरीतली ब्रॅकनबरीबाई म्हणाली, प्लेग.
पाद्री म्हणाले, मला इथं चारच वर्षं झालीत.
मी म्हणाले, असतं काहीतरी.

माझ्या लग्नात रमामावशीला कोठीच्या खोलीत बसवलं होतं,
मोकळं कपाळ, मांडीवर सुपारीचा डबा.
अक्षता तिथवर पोचल्या नाहीत.
असतं काहीतरी, म्हणूनच
मी तेव्हा अंतरपाटाकडे बघत राहिले.

त्यानं नाव ठेवलं पापड.
डांबरी रस्त्यावर पाय तसे वाजायचे.
बसथांब्यापर्यंत मागोमाग जायचं,
साडेतीनला फाटकाशी हजर.
हंस दूध आणि पाणी वेगळं करतो,
असं मीच एकदा सांगून बसले.
निहारनं वाटीत दोन्ही कालवून समोर ठेवलं.
पापडनं वाटी उलटी केली
आणि तिच्यात पाय ठेवून उभं राहिलं.

ऑगस्टात तो नीट जेवेनासा झाला.
मी त्याचा पट्टा शिवत होते,
निळा, कडेला सोनेरी टीप.
टीप सरळ यावी म्हणून तीनदा उसवली.

मायकलमस. वारा पडलेला.
दोनशे माणसं, एकाचाही खोकला नाही,
आणि त्यांचे खोकले मला ठाऊक आहेत.
हिरवळीच्या पलीकडच्या टोकाला पिंचबेकनी पापडला खाली सोडलं.
निहारनं श्वास घेतला आणि हाक मारली:
बटाटा!
पुन्हा, मोठ्यानं: बटाटा!

दोनशे जणांना काय कळणार.
कळलं मला एकटीला
की पोर कधी न दिलेल्या नावानं हाक मारतंय,
म्हणजे ते येणार नाही.

मान उंचावून ते थांबलं.
मग सुटलंच, पंख फाकवून, धपधप,
थेट त्याच्या गुडघ्यांवर.
नावाचं त्याला काय.
त्याला आवाज माहीत होता.

तेवढ्यात मी बोलू शकले असते.
मराठीत बोलले असते तरी चाललं असतं.
चल घरी. दोनच शब्द.

टाळ्या तीनदा वाजवायच्या असतात.
मी तिन्ही वाजवल्या.

नंतर चर्चमधली वही उघडली.
पहिली पानं वाचता येत नाहीत इतकी जुनी.
कारण कुठंच लिहिलेलं नाही, नुसती नावं.
पिंचबेकनी चष्मा पुसला,
एकेक अक्षर सांगा, म्हणाले.
मी सांगत गेले, ते जीभ दातांत धरून लिहीत गेले.
घारपुरे.
एकही चूक नाही.

बाहेर दफनभूमीच्या नळाखाली हात धरून
निहार उभा होता, पाणी वाहतंय.
मी हाक मारली.
तो आला नाही.