बत्तीस आटे

माझगावच्या आमच्या गल्लीत पाणी
पहाटे चार चाळीसला यायचं,
कारण चार वीसला नाक्यावरचं लोखंडी झाकण
बाबा पहारीनं उचलायचे.
माणसाच्या उंचीची चावी, वर आडवा दांडा,
एका टोकाला धाकू राऊळ, दुसऱ्या टोकाला हसन मुकादम.
एकट्याला ती हलत नसे.
बत्तीस आटे. मोठ्यानं मोजायचे,
एक बाबांचा, दोन हसनचाचांचा, तीन बाबांचा,
आणि हंडे लावून झोपलेल्या गल्लीला
पत्ताही नसायचा.

मी आता परळला, तिसऱ्या मजल्यावर,
मेणात बसवलेल्या धमन्यांचे काप काढते.
चार मायक्रॉन.
कांद्याचा पापुद्रा त्यापुढे गोधडी.
कोमट पाण्यावर तरंगवायचे, काचेवर झेलायचे,
श्वास जरा आवरून धरायचा.

मंगळवारी आला नमुना ४४१७.
पुरुष, एकाहत्तर, मानेची डावी धमनी.
चिठ्ठीवर नाव नसतं.
नाव मला ठाऊक होतं.

चरबी दिसत नाही, ती आमच्याच रसायनांत धुऊन जाते.
उरतात तिच्या रिकाम्या खोल्या,
आणि ती उपसायला आलेल्या पेशी:
सफाईला आल्या, खात राहिल्या, फेसाळल्या,
मग भिंतीतच बसल्या
परतीची वाट विसरून.

शिरीन मॅडमनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं,
आपले हे ग्राही दारावर बसत नाहीत.
ते आत, केंद्रकात, जनुकांच्या चोपडीवर हात ठेवून.
चरबीतून आलेला निरोप
बेल न वाजवता भिंतीतून आत शिरतो,
ग्राहीच्या कुशीत बसतो,
आणि ग्राही वळतो.
त्यालाही जोडीदार लागतो.
दोघं मिळून पान उलटतात:
पंप बांधा, साठलेलं बाहेर काढा,
जळजळीच्या आरोळ्या बंद करा.

म्हणजे चावीवाले, मी म्हटलं.
मॅडम हसल्या. बरोबर, पण हे पेपरात नको लिहू.

मी काच रंगवली. तपकिरी ठिपके उमटले.
शंभर केंद्रकं मोजली, अडतीस तपकिरी.
हजर होते की!
आपापल्या नाक्यावर, झाकण उघडून.
मग निरोप पोचला नाही?
की पोचला, आणि झडप गंजली होती,
की भरलेलं इतकं होतं
की बत्तीस आट्यांनी काय होणार?

त्यांना जागं करणारी गोळी आहे.
साखरेसाठी म्हणून बाबांना दिली होती दोन वर्षं.
पाय सुजले, चपला मावेनात, बंद केली.
एक झडप उघडावी
आणि भलत्याच गल्लीत गुडघाभर पाणी.
बाबांनी असले फोन आयुष्यभर घेतले.

वॉर्डात त्यांचा उजवा हात चादरीवर परक्यासारखा.
शब्द ओठांपर्यंत येऊन मागे फिरतात.
माझं नाव अजून आलेलं नाही.
हसनचाचा सीताफळं घेऊन आले,
पिशवी खुर्चीखाली सरकवली,
आणि तो हात दोन्ही हातांत धरला, दांडा धरावा तसा.
एक बाबांचा असायचा.
चाचांनी वाट पाहिली.
मग स्वतःच म्हणाले, एक.

पंखा फिरत होता. शेजारच्या खाटेवर कुणी खोकलं.

दोन, बाबा म्हणाले.

तीन. चार. नर्स सलाइन धरून थबकली.
एकोणीस चाचांचा.
वीस आला नाही, बाबांचा डोळा लागला.

मी पुढे म्हणा म्हटलं, त्यांच्या कानाशी जाऊन,
जरा जोरातच म्हटलं असेन.
चाचांनी माझा खांदा दाबला.
झडपेला घाई करू नये, पोरी,
पाइप फुटतो.

रिपोर्टात मी लिहिलं: ग्राही उपस्थित.
शेऱ्याचा रकाना
अजून कोराच आहे.