बाटलीतला कापूस

एनेलेस गोळ्यांच्या बाटलीत कापूस कोंबायची.
चालताना वाजू नये म्हणून.
सायकलटॅक्सीवर, चर्चच्या बाकावर,
उसिपा मासे पसरायला वाकली तरी
कमरेच्या चितेंजेत बांधलेल्या दोन्ही बाटल्या
मुक्या.

एक रक्तासाठी, एक डोक्यासाठी.
दवाखान्याला दारंही दोन.
समोरच्या दारातली रांग म्हणायची,
आहे आपल्यातलीच, पण वेडी आहे.
मागच्या दारातली म्हणायची,
वेडी आपल्यासारखीच, पण हिला ते आहे.
'ते' म्हणताना बायका थांबायच्या,
दाताखाली खडा आल्यासारख्या.

मी तिची नणंद, फालेसी.
मी कुठल्याच रांगेत नव्हते,
म्हणून मला फार बोलता यायचं.

माझा भाऊ जोहान्सबर्गच्या खाणीतून परतला तो खोकतच.
गेला तेव्हा पाळक न्यूमोनिया म्हणाले,
आम्ही माना डोलावल्या.
त्याच्या आजाराला सगळ्यांनी मिळून
एक सभ्य नाव शोधून दिलं.
तिच्यासाठी शोधायला कुणाला वेळ नव्हता,
त्या आठवड्यात मासळी भरपूर लागली होती.
बोरूच्या मांडवांवर आम्ही मासे वाळत टाकले
आणि तिला वाळीत.

रात्री ती किनाऱ्यावर जाऊन बसायची.
सरोवर बोलतं म्हणायची, नवऱ्याच्या आवाजात.
हिशेब मागतं.
गाव आधीपासूनच तिला पाण्यात पाहत होतं;
आता एखाद्या सकाळी ती खरंच पाण्यात दिसेल
असं वाटू लागलं
आणि काहींना, खोटं का बोलू,
त्यात सुटका दिसली.

काहींना म्हणजे मला.

निळ्या कडेचे चार कप होते घरात.
त्यातला एक मीच वेगळा केला.
तळाला नेलपॉलिशचा लाल ठिपका,
पोरांनी चुकून उचलू नये म्हणून.
तिने तो पाहिला. बोलली काही नाही.
धुऊन रोज उपडा घालायची,
ठिपका वर येईल असा.
दोन वर्षं तो माझ्याकडे बघत होता.

मग जूनमधला एक गुरुवार.
म्वेरा वारा सुटलेला, होड्या वर ओढलेल्या,
बायका मांडवापाशी कावळे हाकत बसलेल्या.
पायवाटेवरून खुळखुळ आली.
वाटलं, कुणाचं तान्हं खुळखुळा घेऊन येतंय.
आली एनेलेस.

कापूस का काढला, तिने कधीच सांगितलं नाही.
कदाचित संपला असेल.

आलेफाने विचारलं, "काय गं वाजतंय?"
"गोळ्या. सकाळी एक, रात्री दोन."
आणि मग, माशांचा भाव विचारावा तशी,
"तुझ्या तू कुठे ठेवतेस?"

आलेफाचा हात कमरेच्या गाठीकडे गेला.
तिथेच राहिला.
कुणी कुणाकडे पाहिलं नाही.
कावळ्यांनी दोन मासे नेले, तीन नेले.
मग आलेफा जरा सरकली,
चटईवर एका बाईपुरती जागा झाली.

गाव सुधारलं असं मी म्हणणार नाही.
हातपंपावर अजून कुजबुज होते.
सरोवर अजून बोलतं,
ती म्हणते, हल्ली जरा हळू.

मी एवढंच केलं:
राख आणि वाळू घेऊन तो ठिपका घासला.
रंग गेला, थोडा मुलामाही गेला.
मग बाकीच्या तिन्ही कपांचे तळ घासले,
तसेच दिसेपर्यंत.

पहिल्या दिवशी चहा ओठांपाशी नेला
आणि मी थांबले.
किती वेळ थांबले ते तिने पाहिलं.
उठली, माझ्या कपात
आणखी एक चमचा साखर घातली.

"निवतोय," म्हणाली.