यंदा कूलर बंद

अकरा एप्रिलला रज्जाक आला,
खांद्यावर गवताच्या नव्या ताट्या, मागच्या खिशात पाना.
कूलरची मागची जाळी काढली अन् तसाच थांबला.
"म्याडम, याच्यात त बाळंतपण चालू हाये."

गेल्या सालच्या कुजक्या ताटीत, पंपाच्या वायरीला टेकून
एक वाटी:
मुळं, केस, माझ्याच खराट्याचे दोन हीर,
आणि तीन निळसर अंडी, वर तपकिरी शिंतोडे,
वर्गात पोरं शाईचा पेन झटकत तसे.

तारेवरून दयाळ आम्हाला शिव्या घालत होता.
काळा कोट, पांढरा सदरा, शेपटी उभी,
थेट सिव्हिल लाइन्सचा वकील.
मादी कुंपणावर गप्प. तोच कोट,
पण धुऊन धुऊन राखाडी झालेला.

रज्जाकनं जाळी लावली,
झोपल्या लेकराच्या खोलीचं दार लोटावं तशी.
चहा घेतला. पैसे घेतले नाहीत.
"पिल्लं उडाले का फोन करजा."
"अन् तोवर आम्ही काय करावं?" ह्यांनी विचारलं.
त्यानं बोट वर केलं, गच्चीकडे.

तर आम्ही गच्चीवर.
बेसा रोडचे ट्रक, डास,
पलीकडच्या खांबावर पिंगळ्यांचं जोडपं.
रात्रभर त्यांचं भांडण आणि आमचं,
विषय बहुधा एकच.

दुधाच्या कॅलेंडरवर मी लिहू लागले.
एक लिटर. नळाखाली मुंगूस, पाणी पिऊन गेला.
दीड लिटर. सातभाई आले, मोजले तर आठ.
दूध नाही. धनेश, उंबरावर, चोचीत पाल.
अर्धा लिटर. डोंगरवारांच्या स्कूटरमध्ये धामण,
अख्खी गल्ली बाहेर, डोंगरवार सगळ्यांत लांब.

एका रविवारी काटोलला गेलो, दिवाकर भाऊजींच्या बागेत.
उजाडता उजाडता संत्र्याच्या दोन ओळींमध्ये
एक रोही उभी, कान हलवत,
कोवळी पालवी सावकाश चावत.
"रोज येते हरामखोर," भाऊजी म्हणाले,
पण कुजबुजून.
इतक्या हळू आवाजात शिवी
मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकली.
परतल्यावर शेजारच्यांनी विचारलं, "वाघ दिसला?"
"रोही दिसली."
"अच्छा," म्हणाले, अन् गाडी पुसू लागले.

मग पारा पंचेचाळीसला टेकला.
कूलरच्या पत्र्याला हात लावला तर चटका,
आत तीन अंड्यांतून निघालेली दोन पिल्लं,
नुसती चोच आणि पोट.
मी वर ओलं पोतं टाकलं.
"पक्ष्यांना सवय असते," हे म्हणाले आणि कूस बदलली.

दुपारी दोनला जाग आली.
पडदा सारून पाहिलं:
डोक्याला दुपट्टा बांधून, अनवाणी,
एका पायावरून दुसऱ्यावर नाचत
हे पोत्यावर तांब्यानं पाणी ओतताहेत,
थेंबसुद्धा आत जाऊ नये असं, कडेकडेनं.
मी पडदा सोडला.
कॅलेंडरवर त्या दिवशी काहीच लिहिलं नाही.

आठ मेला घरटं रिकामं.
एक पिल्लू जास्वंदीत दिसलं, शेपटीवाचून, फुगलेलं.
दुसरं नाही दिसलं.
वाटीत उरलं होतं न फुटलेलं अंडं,
रज्जाकनं ते पान्याच्या खिशात नाही,
सदऱ्याच्या खिशात ठेवलं. का, ते मी विचारलं नाही.

रात्री कूलर लागला.
गार वारा, नव्या गवताचा वास,
त्याच्याखाली जरा पिसांचा आणि विष्ठेचा.
महिन्यानं खाली, गादीवर. मी मेल्यासारखी झोपले.

चारला आवाज थांबला.
अंधारात हे खिडकीपाशी उभे.
बाहेर तारेवर तो वकील,
पहाटेची ती लांब, वरखाली जाणारी शीळ,
कोर्टात कधी न वापरलेली.

"काय झालं?"
"काही नाही, लाइन गेली."

डोक्यावर पंखा फिरत होता.
मी म्हटलं, बरं.