चौदा पॉइंट दोन

आधी डॅशवर लाल दिवा, मग पुढचे दिवे मिणमिणले,
आणि रिओनीच्या पुलावर, ऐन बाजाराच्या वेळी,
गाडीनं मान टाकली.
पाचजणांनी ढकलत घरी आणली. त्यातले दोघे
अजून अंगणात आहेत, सल्ला द्यायला.

गाडी जपानची, स्टिअरिंग उजवीकडे.
इथे कुताइसीत पुढच्याला मागं टाकायचं, तर
डावीकडे बसलेल्यानं डोकावून सांगायचं:
थांब. थांब. हं, काढ.
ते काम आईचं होतं.
आई चार वर्षं इटलीत, परक्या म्हाताऱ्याला भरवते.
गाडीचे पैसे तिचेच.

अल्टरनेटर रुस्तावीच्या जुन्या बाजारातला,
दीडशे लारी, हमी एका शब्दाची: चालतो.

बाबा स्टुलावर. तीस वर्षं ट्रकच्या कारखान्यात
डोळे मिटून नट लावणारे हात,
आता त्यांत चहाचा पेला धरला
तरी बशी बोलायला लागते.
म्हणून पाना माझ्या मुठीत, जीभ त्यांची.
"आधी काळी तार, एलिसो. काळी!
पट्टा कसा फिरलाय ते काढून घे, मग सोड."
काढून घेतला,
विजेच्या बिलाच्या पाठीवर, पेन्सिलीनं.

वरचा बोल्ट शहाण्यासारखा आला.
खालचा हलेना.
तेल सोडलं, थांबलो, पुन्हा तेल.
अवथांदिल म्हणाला, हातोडा.
बाबा म्हणाले, "त्याला जरा विचार करू दे."
तिसऱ्या मजल्यावरून त्सिसानाबाईंची टोपली
दोरीनं खाली आली:
वितभर जास्तीचा लोखंडी पाइप, आणि दोन पिकली पर्सिमन.
पाइप पान्यात अडकवला, पाय भिंतीला लावला,
कर्रर्र.
बोटांची सालं निघाली. बोल्टही निघाला.

जुना अल्टरनेटर कुठं ठेवू म्हणून बघत होते,
बाबांनी मांडी पुढं केली.
पाच किलोचं ते मुकं ओझं,
वर त्यांचे दोन्ही तळवे.
कापायचे थांबले होते.
मी काही बोलले नाही. नवा बसवायला
लागला त्याहून जास्तच वेळ लावला.

मग पट्टा, बिलावर बघून. मग तारा, काळी शेवटी.
किल्ली फिरवली.
मीटरवर बारा, तेरा,
चौदा पॉइंट दोन.
लाल दिवा विझला,
आणि अकरा दिवस गप्प असलेली ती जपानी बाई
डॅशच्या आतून काहीतरी म्हणाली,
नेहमीचंच, जे या अंगणात कुणालाच कधी कळलेलं नाही.
बाबा तिला एरवी "बरं बाई" म्हणतात.
आज म्हणाले, "आलीस?"

तेलकट पँटनिशी ते डावीकडे जाऊन बसले.
पुढं फक्त आमचं फाटक,
दोरीवरच्या चादरी.
मी गिअर टाकला.
"थांब," बाबा मान लांबवून म्हणाले,
"कोंबडी जाऊ दे."